जानेवारी-जुलैची सही

सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्ट, पाणी आणि पार्किंग या तीन विषयांवर लोक घसा कोरडा पडेपर्यंत भांडतात. आगीच्या यंत्रणेचा विषय निघाला, की सेक्रेटरी फाइल उघडून एवढंच म्हणतात, 'बी फॉर्म भरलाय.' सभा पुढच्या विषयाकडे वळते. तो फॉर्म कुणी भरला, भरण्यापूर्वी त्या माणसाने काय पाहिलं आणि ते पाहण्याचं शिक्षण त्याने कुठे घेतलं, हे सहसा कुणी विचारत नाही. या प्रकरणात तेच विचारायचं आहे.

आधी कागदाबद्दल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे आणि तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ ने आगीपासून बचावाची व्यवस्था करण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. म्हणजे सोसायटीत ती सोसायटीवर, मॉलमध्ये मॉलवाल्यावर, रुग्णालयात रुग्णालयावर येते. यंत्रणा बसवली, की परवानाधारक एजन्सीने 'ए फॉर्म'वर दाखला द्यायचा. त्यानंतर दर जानेवारीत आणि दर जुलैत, यंत्रणा सुस्थितीत आहे असा दाखला 'बी फॉर्म'वर द्यायचा. अग्निशमन दलाला केव्हाही तपासणीचा, नोटीस देण्याचा आणि धोका गंभीर असेल तर वीज-पाणी तोडून इमारत रिकामी करवण्याचा अधिकार आहे. कायदा मोडणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. तरीही आग लागली की 'फायर ब्रिगेड काय करत होती?' हाच प्रश्न आपल्या तोंडी पहिला येतो. कायद्याच्या नजरेत तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे.

हा विषय राज्याच्या हातात आहे, केंद्राच्या नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचं काम म्हणून नोंदलेलं आहे. देशाची राष्ट्रीय बांधकाम संहिता भारतीय मानक ब्युरो काढतं. ती पहिल्यांदा १९७० मध्ये आली, मग १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. तिचा चौथा भाग 'आग व जीवसुरक्षा' हा आहे. पण संहिता म्हणजे कायदा नव्हे. एखाद्या राज्याने ती आपल्या कायद्यात ओढून घेतली, तरच ती बंधनकारक होते. महाराष्ट्राने घेतली. दिल्लीने २००७ मध्ये आपला अग्निशमन कायदा केला, गुजरातने २०१३ मध्ये जवळपास महाराष्ट्राच्याच नावाचा कायदा केला. काही राज्यांचं अजून जुन्या उपविधींवर चाललं आहे. एकाच कंपनीच्या दोन शहरांतल्या दोन कचेऱ्यांना वेगवेगळे नियम लागू शकतात, ते यामुळे.

संहितेची एक गोष्ट सामान्य वाचकानेही लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती इमारतींची विभागणी वापरावरून करते. निवासी, शैक्षणिक, रुग्णालयांसारख्या संस्था, लोक जमण्याच्या जागा, कचेऱ्या, दुकानं, कारखाने, गोदामं आणि धोकादायक मालाच्या जागा असे नऊ गट आहेत. ए ते जे अशी अक्षरं त्यांना दिली आहेत, मधलं आय गाळून. वापर बदलला की आत किती माणसं असतील याचा हिशेब बदलतो, आणि माणसांचा हिशेब बदलला की दरवाज्यांचा आणि जिन्यांचाही बदलतो. कचेरीत दर माणशी १० चौरस मीटर जागा धरतात, उपाहारगृहात दीड चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर कचेरी थाटली तर तीसेक माणसं, आणि टेबल-खुर्च्या मांडून हॉटेल काढलं तर दोनशे. गच्ची तीच, जिनाही तोच. तपासनिसाचं निम्मं काम या गणितात असतं. उरलेलं निम्मं चालण्यात आणि डोळे उघडे ठेवण्यात.

त्या चालण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तपासणी म्हणजे भिंतीवरचे लाल सिलिंडर मोजणं असा समज आहे.

चांगला तपासनीस गेटपासून सुरुवात करतो. उंच इमारतीभोवती निदान ६ मीटर मोकळी जागा लागते आणि तिथली फरसबंदी ४५ टन वजनाची गाडी पेलेल अशी असावी लागते, कारण शिडीची गाडी तेवढी जड असू शकते. कागदावर ती जागा असते. प्रत्यक्षात तिथे पाहुण्यांच्या गाड्या, जनरेटर, कचऱ्याचे डबे आणि गणपतीचा मंडप असतो. पोडियमखाली पार्किंग असेल तर वरचा स्लॅब किती वजनासाठी काढलेला आहे हे विचारावं लागतं, आणि बहुतेक वेळा उत्तर द्यायला कुणी नसतं.

मग टाकी. आगीसाठीचं पाणी वेगळं राखलेलं असतं. ते साचून खराब होऊ नये म्हणून नळाचं पाणी आधी आगीच्या टाकीत सोडतात आणि ती भरून वाहिली की पिण्याच्या टाकीत पडतं. व्यवस्था मोठी हुशारीची आहे. पाणीटंचाईच्या मे महिन्यात कुणीतरी मधली भिंत फोडून दोन्ही टाक्या एक करतो, तेव्हा ही हुशारी संपते.

टाकीशेजारी पंपाची खोली. सगळ्या इमारतीचं भवितव्य तिथल्या एका खटक्यावर असतं. पॅनेलवर ऑटो आणि मॅन्युअल असे दोन पर्याय असतात. छोटा जॉकी पंप पाइपांतला दाब कायम राखतो. कुठे हायड्रंट उघडला किंवा स्प्रिंकलर फुटला, की दाब एकदम पडतो आणि मोठा पंप आपोआप सुरू होतो. मात्र पाइपाला कुठे बारीक गळती असली तर जॉकी पंप रात्रभर चालू-बंद होत राहतो. पहिल्या मजल्यावरच्यांची झोपमोड होते, तक्रार येते, आणि वॉचमन खटका मॅन्युअलवर टाकून मोकळा होतो. गळती तशीच राहते. त्या क्षणापासून वरच्या सगळ्या मजल्यांवरचे स्प्रिंकलर फक्त पाइपात उरलेल्या पाण्यापुरते असतात. ज्याने पंपाची खोली पाहिली नाही त्याने इमारत पाहिलीच नाही, असं मी म्हणेन.

जिन्यात हायड्रंटच्या पेट्या असतात. आतलं पितळी नोझल आणि कपलिंग भंगारात चांगल्या भावाने जातं, त्यामुळे ते जागेवर असेलच असं नाही. सगळ्यात वरच्या हायड्रंटला साधारण ३.५ बार दाब मिळायला हवा. तो मोजायला वरपर्यंत जावं लागतं, पाणी सोडावं लागतं, गच्ची ओली करावी लागते. तळमजल्यावरचा हायड्रंट उघडून जोरदार फवारा दाखवणं सोपं असतं. तिथे पाण्याला जोर असणारच.

जिना ही खरं तर इमारतीतली सगळ्यात महत्त्वाची आगरोधक वस्तू आहे. तिथे धूर शिरला नाही, तर माणसं चालत खाली येतात. म्हणून जिन्याला आगीत दोन तास टिकणारे दरवाजे असतात आणि ते आपोआप बंद व्हावेत म्हणून वर क्लोजर असतो. उंच इमारतींत पंखे लावून जिन्यातला हवेचा दाब ५० पास्कलने चढा ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी धूर आत न येता हवाच बाहेर जाते. आणि हा दरवाजा वारा यावा म्हणून कुंडी लावून उघडा ठेवलेला असतो! विजेच्या तारा ज्या उभ्या डक्टमधून जातात, तो प्रत्येक मजल्यावर आगरोधक मालाने बंद केलेला हवा. केबल टीव्हीवाला एकदा येऊन तो फोडून जातो, पुन्हा कुणी भरत नाही. खालच्या मजल्यावरच्या मीटरबोर्डाचा धूर काही मिनिटांत वरच्या मजल्यांवर दिसतो तो इथून.

स्प्रिंकलरच्या टोकाला काचेची बारीक नळी असते. आतलं द्रव लाल असेल तर ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटतं. रंगारी छताबरोबर तिलाही पांढरा हात मारतो, किंवा सजावटवाला तिच्याखाली नवं फॉल्स सीलिंग घालतो. मग खोली पेटली तरी नळीपर्यंत उष्णता उशिरा पोचते. २४ मीटरच्या वर ठरावीक अंतराने ठेवलेली रेफ्युज जागा, जिथे अडकलेल्या लोकांनी थांबायचं, ती कुठे मुलांचं टेबल टेनिस तर कुठे चक्क कपाटांची अडगळ होऊन बसलेली असते. गच्चीच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे, ते गावाला गेलेले.

यातली एकही गोष्ट कार्यालयात बसून दिसत नाही. बी फॉर्म मात्र कार्यालयात बसूनही भरता येतो.

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या दोन हॉटेलांना आग लागली आणि १४ माणसं गेली. त्यांतली बरीचशी जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरली होती. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं. मला त्यात निखाऱ्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. गिरणीचं आवार आधी कारखान्यांच्या गटातलं, मग तिथे कचेऱ्या आल्या, मग खाणावळी आणि पब. प्रत्येक टप्प्यावर आतली माणसं वाढत गेली. गच्चीवर पेट घेणारं आच्छादन आलं. अंधारात, धुरात, अनोळखी जागी माणूस ज्या वाटेने आत आला त्याच वाटेकडे पळतो. ती सापडली नाही तर जो दरवाजा दिसेल त्यात शिरतो. तपासनिसाने नकाशावर पाहायचं असतं ते हेच, की दोनशे अनोळखी माणसं कुठे पळतील. सिलिंडरवरची रिफिलची तारीख त्यानंतर.

भंडाऱ्याची गोष्ट याच्या उलट आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागून १० बाळं दगावली, ७ वाचवता आली. आग कळली ती परिचारिकेला धूर दिसल्यावर. चालता न येणाऱ्या माणसांची इमारत हा अग्निसुरक्षेतला सगळ्यात अवघड धडा असतो. तिथे 'सगळ्यांनी जिन्याने खाली या' याला काही अर्थ नसतो. म्हणून संहिता रुग्णालयाच्या मजल्याचे आगरोधक भिंतींनी भाग पाडायला सांगते. पेटलेल्या भागातून रुग्णाला खाटेसकट शेजारच्या भागात ढकलत न्यायचं, त्याच मजल्यावर. हे जमण्यासारखं आहे का, दार खाटेपेक्षा रुंद आहे का, रात्रपाळीला ढकलायला हात किती आहेत, हे ज्याला विचारता येतं तो रुग्णालय तपासायला लायक. भंडाऱ्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या खासगी रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आणि ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आगी लागल्या, रुग्ण दगावले. सहामाही दाखल्याची साखळी यंत्रणा बसवल्यानंतर सुरू होते. जिथे यंत्रणाच बसलेली नाही, तिथे दाखला भरला जात नाही आणि म्हणून कुठे रकाना रिकामाही दिसत नाही. खुद्द मंत्रालयाची इमारत २१ जून २०१२ रोजी भर दिवसा पेटली, पाच जण गेले. तेव्हा हा कायदा लागू होऊन साडेतीन वर्षं झाली होती.

आता माणसाकडे येऊ. तपासतो कोण?

सरकारी बाजूला अग्निशमन अधिकारी. देशातली या विद्येची मोठी शाळा आपल्याच राज्यात आहे, नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. १९५६ मध्ये ते उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. केंद्रीय गृह खात्याच्या अखत्यारीतल्या या संस्थेत उपअधिकारी, स्थानक अधिकारी, विभागीय अधिकारी असे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम चालतात, शिवाय फायर इंजिनीअरिंगची पदवीही. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत कालिन्याला आहे. खासगी बाजूला परवानाधारक एजन्सी. तिला परवाना संचालक देतात आणि त्यासाठी शिक्षण-अनुभवाच्या अटी आहेत. बी फॉर्मवर सही असते ती या एजन्सीची.

दोन्हीकडे एकेक अडचण आहे.

अधिकाऱ्याची अडचण अशी, की त्याच्याकडे दोन कामं आहेत आणि त्यातलं एक घंटा वाजवून बोलावतं. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, तेव्हा मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले: सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, महेंद्र देसाई आणि संजय राणे. नेसरीकर दलाचे प्रमुख अधिकारी होते. इतक्या वरचा माणूस स्वतः जळत्या इमारतीपाशी उभा असतो, अशी ही नोकरी आहे. या अनुभवाचं तपासणीत मोल फार मोठं आहे. धुरात चाचपडत जिना शोधलेल्या माणसाला कुंडी लावलेला दरवाजा निराळाच दिसतो. पण नकाशा वाचणं, माणसांचा हिशेब मांडणं, पाइपातल्या दाबाचं गणित तपासणं हे वेगळं कसब आहे, आणि त्याला निवांत वेळ लागतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने तपासनिसांच्या पात्रतेसाठी १०३१ क्रमांकाचं स्वतंत्र मानक केलं. त्यात जागेवर जाऊन तपासणारा आणि नकाशे तपासणारा यांची पात्रता वेगवेगळी मांडली आहे, आणि दोघांच्याही पायऱ्या केल्या आहेत. तिथली कित्येक राज्यं असं प्रमाणपत्र मागतात. आग विझवण्यात नाव कमावलेला माणूस नकाशा तपासण्यात आपोआप पारंगत होत नाही, हे त्यात गृहीत आहे.

एजन्सीची अडचण पैशाची आहे. तिला निवडते सोसायटी, पैसे देते सोसायटी, आणि पुष्कळदा देखभालीचं कंत्राटही तिच्याकडेच असतं. म्हणजे आपण केलेल्या कामाला आपणच उत्तम शेरा द्यायचा. कडक एजन्सीने दुरुस्तीची तीन पानी यादी दिली, तर पुढच्या जुलैत समिती दुसरी एजन्सी शोधते. गाडीच्या पीयूसीसारखी ही गत आहे: कागद मिळेल तिकडे गाडी वळते. यात सगळ्याच एजन्सी अप्रामाणिक आहेत असं म्हणायचं नाही. चोख काम करणाऱ्यांनाच ही पद्धत बाहेर ढकलते, ही माझी तक्रार आहे.

याच दुखण्यावर इंग्लंडने अलीकडे इलाज केला, त्याची किंमत मोजल्यावर. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरातला फ्रिज पेटला. नूतनीकरणात बाहेरच्या भिंतीला लावलेल्या ज्वलनशील आवरणावरून आग वर चढली आणि ७२ माणसं मेली. त्या नूतनीकरणावर देखरेख करणारा स्थानिक पालिकेचा तपासनीस एकाच वेळी शंभरहून अधिक कामं सांभाळत होता, हे पुढे चौकशीत बाहेर आलं. २०१८ मध्ये डेम जुडिथ हॅकिट यांच्या अहवालाने पद्धतीवरच बोट ठेवलं: बांधकाम करणाऱ्याला स्वतःचा तपासनीस निवडता येतो, हेच चुकीचं आहे. १९८४ च्या कायद्यापासून तिथे खासगी तपासनिसांना वाव होता. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने १८ मीटर किंवा सात मजल्यांपासूनच्या निवासी इमारतींपुरता हा पर्याय काढून घेतला आणि तपासणी राष्ट्रीय नियामकाकडे दिली. २०२४ पासून पालिकेचा असो वा खासगी, प्रत्येक तपासनिसाला नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीचे चार वर्ग आहेत. शिकाऊ माणसाने दुसऱ्याच्या देखरेखीखालीच काम करायचं, आणि बाकीच्यांनी ज्या प्रकारच्या इमारतीसाठी पात्रता सिद्ध केली त्याच प्रकारच्या इमारतीला हात लावायचा. घरं तपासणाऱ्याला उद्या रुग्णालय तपासता येत नाही.

महाराष्ट्राला हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. तेवढे तपासनीस आपल्याकडे नाहीत, आणि सगळं पुन्हा सरकारी खात्याकडे दिलं तर रांगा लागतील. पण दोन गोष्टी फारशा खर्चाविना होऊ शकतात असं मला वाटतं. देखभाल करणारी आणि दाखला देणारी एजन्सी वेगळी असावी. आणि दाखला देणारी एजन्सी सोसायटीने न निवडता अग्निशमन दलाच्या यादीतून पाळीपाळीने नेमली जावी, पैसे हवं तर सोसायटीनेच द्यावेत. रुग्णालयं, शाळा आणि लोक जमण्याच्या जागांसाठी वेगळी पात्रता ही तिसरी गोष्ट, तिला वेळ लागेल.

तोवर समितीच्या हातात काय आहे? पुष्कळ. परवानाधारक एजन्सीची यादी संचालनालयाकडे असते. फॉर्मवरचा परवाना क्रमांक तिच्याशी ताडून पाहावा आणि परवान्याची मुदत बघावी. एजन्सीचा माणूस येईल त्या दिवशी समितीतल्या एकाने त्याच्याबरोबर फिरावं, पंपाच्या खोलीपासून गच्चीपर्यंत. सगळ्यात वरचा हायड्रंट उघडायला सांगावं आणि त्या वेळी दुसऱ्या एकाने खाली पॅनेलजवळ उभं राहून मोठा पंप आपोआप सुरू होतो का ते पाहावं. खटका मॅन्युअलवर सापडला तर तो का, हे वॉचमनवर न ओरडता विचारावं, म्हणजे गळतीचा पत्ता लागेल. सही त्यानंतर घ्यावी. आणि पंप हाताने कसा चालू करायचा हे रात्रपाळीच्या वॉचमनला वेगळं जाऊन शिकवावं, कारण एजन्सीचा माणूस येतो तो दिवसपाळीत.